नाताळची भेट नाव पुकारून देऊ नका

आमच्या मंडळीचे आदरणीय पाळकसाहेब, कमिटीचे सर्व सभासद आणि शब्बाथशाळेतले माझे सहशिक्षक यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर सेक्रेटरीसाहेबांनी नाताळची सूचना वाचली. घरी आल्यावर ती मी वहीत लिहून काढली. पालकांनी आपापल्या मुलासाठी भेटवस्तू आणावी. ती किमान तीनशे रुपयांची असावी. रंगीत कागदात बांधून वर मुलाचं नाव मोठ्या अक्षरात लिहावं आणि १५ डिसेंबरच्या आत कार्यालयात जमा करावी. २४ तारखेला ट्रीच्या कार्यक्रमात सांताक्लॉज सजवलेल्या जीपमधून येतील आणि नावं पुकारून भेटी देतील. कार्यक्रमाला सगळ्यात मोठी देणगी देणाऱ्या कुटुंबाचा शाल देऊन सत्कार होईल.

मागच्या वर्षीही सूचना हीच होती. त्यानंतर जानेवारीत मी कमिटीपुढे येऊन बोलले होते. "पाहू, ताई," असं उत्तर मिळालं. या वर्षी बदल झाला तो एवढाच, की दोनशेचे तीनशे झाले. म्हणून आता लिहिते आहे. मंडळीचं नाव मी या पत्रात घातलेलं नाही, घालणारही नाही. ही मंडळी माझं घर आहे. पण पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्या मंडळ्यांतल्या मैत्रिणींशी बोलले तेव्हा प्रत्येकीकडे याच तऱ्हेचा कार्यक्रम निघाला, आणि प्रत्येकीच्या मनात याच तऱ्हेची टोचणी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. अकरा वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, लहान गटाला शिकवते. मला नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा आहे. माझे आजोबा मिशनच्या शाळेत शिकले, तिथेच मास्तर झाले. एवढी ओळख पुरे. मी बाहेरून बोलत नाही.

गेल्या वर्षीच्या २४ डिसेंबरला काय झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं, पण जीपजवळ गर्दी होती, त्यामुळे काहींच्या लक्षात आलं नसेल. माझ्या गटात आठ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसऱ्यानंतर गेले की हंगाम संपल्याशिवाय परत येत नाहीत. तो आजीजवळ असतो. आजीला वाचता येत नाही आणि ती शेवटच्या बाकावर बसते, जिथे पंख्याच्या आवाजात सूचना नीट ऐकू येत नाहीत. त्या संध्याकाळी या मुलाने लूकच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली वीस वचनं एकदाही न अडखळता म्हटली. कैसर औगुस्ताच्या आज्ञेपासून मेंढपाळ देवाचा गौरव करत परत गेले तिथपर्यंत. पाळकसाहेब, तुम्ही स्वतः त्याच्या पाठीवर हात ठेवलात.

मग जीप आली. नावं पुकारायला सुरुवात झाली. एका मुलाला सायकल मिळाली. ती दोन माणसांनी उचलून आणली. एकीला बोलणारी बाहुली, एकाला रिमोटची गाडी, एकाला ठो ठो आवाज करणारी मोठी बंदूक. काहींना कंपासपेटी, काहींना पाण्याची बाटली, एकीला नुसत्या हेअरबँडचं पाकीट. प्रत्येक पुडकं तिथेच फोडलं जात होतं, फोटो काढले जात होते. यादी संपली. तो मुलगा मंचाच्या पायरीशी उभाच होता. त्याला वाटत होतं की अजून नावं आहेत. कुणाच्या तरी लक्षात आलं, कुणीतरी आत पळालं आणि चॉकलेटचं एक पाकीट आणून त्याच्या हातात दिलं. त्याने "थँक्यू" म्हटलं आणि आजीकडे गेला.

घरी जाताना माझी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मम्मी, त्याने काय वाईट केलं होतं?"

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. अर्ध्या तासापूर्वी माइकवरून हेच तर सांगितलं गेलं होतं की सांता चांगल्या मुलांना भेट देतो. मग ज्याला मिळाली नाही तो वाईट. ज्याला सायकल मिळाली तो सगळ्यात चांगला. एवढ्या लहान मुलीने सरळ हिशेब केला होता.

इथे मला माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो प्रश्न विचारला तेव्हा तिच्या मांडीवर साडेबाराशे रुपयांचा खेळण्यातल्या स्वयंपाकघराचा संच होता. तो मी भिशीच्या पैशांतून आणला होता. त्याच्या आदल्या वर्षी मी तिच्या नावावर कंपासपेटी दिली होती आणि ती मंचावरून खाली उतरताना तिचा चेहरा मी पाहिला होता. पुन्हा तो चेहरा पाहायचा नव्हता म्हणून मी ऐपतीबाहेरची वस्तू घेतली. श्रद्धेला काय शोभेल, मुलीला काय उपयोगी पडेल, हा विचार त्या दुकानात माझ्या मनात आलाच नाही. मंचावर ती वस्तू किती मोठी दिसेल, एवढंच मी पाहिलं. खोकं हलकं होतं पण मोठं होतं, आणि म्हणूनच मी ते निवडलं. दोष माझाही आहे आणि तो मी देवापुढे कबूल केला आहे. पण मला तिथपर्यंत नेणारी रीत मंडळीने घालून दिलेली आहे, आणि त्याबद्दल बोलणं हा माझा हक्क आहे असं मी मानते.

आता माझ्या तक्रारी.

लग्नात आहेराची वही असते. कुणी काय दिलं ते त्यात लिहायचं, कारण पुढे त्यांच्या घरच्या कार्यात तेवढं परत करायचं असतं. लग्नघरात ते समजू शकतं. नाताळच्या भेटीला आपण आहेराची वही करून टाकलं आहे. वर लाऊडस्पीकर लावून ती वाचतो आहोत. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तुम्ही दर वर्षी वाचता. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला तर त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतला गरीब आला तर "तू उभा राहा" असं म्हणणं, याला याकोब पक्षपात म्हणतो आणि पक्षपात हे पाप आहे असं स्पष्ट सांगतो. आपण कुणाला "उभा राहा" असं म्हणत नाही, हे खरं. पण तो मुलगा उभा राहिलाच.

कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी मला सांगितलं की ज्यांना परवडत नाही त्यांनी कार्यालयात येऊन सांगावं, मंडळी त्यांच्या मुलाची भेट घेऊन देईल. त्यांचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. पण त्या आजीने कार्यालयाच्या दारात उभं राहून, तिथे पाच माणसं बसलेली असताना, "मला तीनशे रुपये नाहीत" असं म्हणायचं? तेही नातवाच्या नाताळसाठी? आपल्यातला कोण हे म्हणू शकेल? उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याची लाज राखली जाते तीही त्यामुळेच. विधवेच्या दोन टोल्यांवर, म्हणजे तिने मंदिरात टाकलेल्या दोन छोट्या नाण्यांवर, आपण दानार्पणाच्या वेळी कितीदा तरी ऐकलं आहे. त्या विधवेला किमान तीनशेची अट घातली असती तर ती मंदिराच्या बाहेरच राहिली असती.

दुसरी गोष्ट सांताची. मी यावर जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण मला "सांताच्या विरोधातली बाई" असं म्हटलं गेलं आहे.

संत निकोलस हा खरा माणूस होता असं मंडळीच्या इतिहासात मानलं जातं. चौथ्या शतकातला, मायरा गावाचा बिशप. ते गाव आजच्या तुर्कस्तानात आहे. त्याचा सण ६ डिसेंबरला असतो. त्याच्याबद्दलची जुनी आणि लोकांना फार आवडलेली कथा अशी की एका गरीब बापाला तीन मुली होत्या, हुंड्याला पैसे नव्हते, आणि मुलींच्या वाट्याला फार वाईट दिवस येणार होते. निकोलसाने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली. एकेका मुलीसाठी एकेकदा. नाव कळू नये म्हणून रात्री. ही कथा मी माझ्या गटाला दर वर्षी सांगते आणि मुलांचे डोळे मोठे होतात. हुंड्याचा भाग सांगताना मी थांबते आणि हुंडा का देऊ नये तेही सांगते.

आज जीपमधून येणारा लाल कोटातला सांता फार नंतरचा आहे. डच लोकांचा सिंटरक्लास, म्हणजे हाच निकोलस, अमेरिकेत गेला, १८२३ साली न्यूयॉर्ककडच्या एका वर्तमानपत्रात छापलेल्या कवितेने त्याला हरणांची गाडी दिली, १८६० च्या दशकापासून थॉमस नास्ट या चित्रकाराने त्याचं ढेरीचं आणि दाढीचं चित्र लोकांत रूढ केलं, आणि १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी त्याचं आजचं रूप जगभर नेलं. कुणी म्हणेल, ही आपल्याला मिशनऱ्यांनी दिलेली परंपरा आहे. तसं नाही. नगरला १८३१ मध्ये काम सुरू करणारं अमेरिकन मराठी मिशन अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या ज्या मंडळ्यांनी पाठवलं, त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळण्यावरच बंदी घातली होती. पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. ते टोक मला मुळीच नको आहे. मला नाताळ हवा आहे, गाणी हवी आहेत, चांदणी हवी आहे, भेटीही हव्या आहेत. फक्त सांता ही आपल्या श्रद्धेची अट नाही, एवढं मान्य करा.

माझा खरा आक्षेप त्याच्या यादीला आहे. चांगली मुलं एका बाजूला, वाईट दुसऱ्या बाजूला, आणि भेट फक्त चांगल्यांना. आम्ही शब्बाथशाळेत वर्षभर उलट शिकवतो. इफिसकरांस पत्रात पौल लिहितो की आपलं तारण कृपेनेच झालं आहे, ते कर्मांनी मिळवलेलं नाही, ते देवाचं दान आहे. दान हाच शब्द आहे तिथे. म्हणजे भेट. देवाने मुलगा दिला तो आपण चांगले वागलो म्हणून दिला नाही. सहा वर्षांच्या मुलाला कृपा हा शब्द समजावून सांगणं फार अवघड आहे. वर्षात एकच दिवस असा येतो की तो शब्द मुलाच्या हातात ठेवता येतो: काही न करता, काही न मिळवता, प्रेमाने दिलेली वस्तू. त्या एका दिवशी आपण मंडळीच्या मंचावरून "कोण चांगलं वागलं?" असं विचारतो आणि बावन्न रविवारांची शिकवण पुसतो. घरात आम्ही पालक जे सांगतो त्याला मंडळीचा आधार हवा. इथे मंडळीच आमच्या विरुद्ध उभी राहते.

एक स्पष्ट करते. आजकाल बाहेर कुठे कुठे लोक सांताच्या टोपीवरून मुलांना हटकतात, शाळांना धमकावतात. त्यांचं आणि माझं म्हणणं एक नाही. एखाद्या पोराने लाल टोपी घातली तर त्यात काही बिघडत नाही आणि कुणाला ती हिसकावण्याचा अधिकार नाही. माझं भांडण घरातलं आहे, घरच्यांशी आहे.

तिसरी तक्रार भाषेची आणि पुस्तकांची, आणि ती सांगताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. नाताळच्या आधी आवारात भेटवस्तूंचं टेबल लागतं. गेल्या वर्षी त्यावर मुलांसाठी सतरा प्रकारची पुस्तकं होती. मी मोजली. सगळी इंग्रजी, बाहेरून आलेली, चारशे-पाचशे रुपयांची, आणि चित्रांतला येशू निळ्या डोळ्यांचा. आपली निम्म्याहून जास्त मुलं मराठी शाळेत जातात. त्यांच्यासाठी टेबलावर काय होतं? चमकणारी की-चेन आणि चहाचे मग.

आपण कोण आहोत ते आठवा. १८४२ साली नगरहून 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक निघालं. १८७० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने खास लहान मुलांसाठी 'बालबोधमेवा' नावाचं मासिक काढलं, तेव्हा मराठीत मुलांसाठी मासिक ही कल्पनाच नवी होती. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं, का, तर कमी शिकलेल्या बाईलाही ते कळावं, आणि मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींनी स्वतः छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आपल्या काळात तेच काम पुन्हा केलं आणि त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पंथ वेगळा असेल, भाषा आपलीच आहे. अशा घरातल्या मुलाला नाताळात द्यायला एक मराठी चित्रांचं पुस्तक आपल्या टेबलावर नसावं?

६ डिसेंबरला आमच्या गल्लीत बाबासाहेबांना अभिवादन असतं. आम्हीही जातो. शेजारचे काही लोक दादरला चैत्यभूमीवर जाऊन येतात आणि येताना पिशवी भरून पुस्तकं आणतात. रात्रभर प्रवास केलेले, उभ्याने आलेले, पण पिशवीत पुस्तकं. गेल्या वर्षी त्यातलं एक पातळ पुस्तक शेजारच्या काकांनी माझ्या मुलीला दिलं. तिने ते तीनदा वाचलं. स्वयंपाकघराचा तो संच फेब्रुवारीत मोडला.

भेट कशी निवडावी यावर मी गेल्या वर्षभरात पुष्कळ विचार केला. प्रत्येक खेळण्यावर वचन छापलेलं असलंच पाहिजे, असं मी म्हणत नाही. बॅट-बॉल ही ख्रिस्ती मुलासाठी उत्तम भेट आहे. रंगपेटी आहे, दोरीच्या उड्या आहेत, टाळ आहेत. आपल्या भजनी मंडळात मुलं उरली नाहीत अशी तक्रार आपण करतो, मग एखाद्या मुलाला टाळांची जोडी का देऊ नये? बंदूक मात्र नको. शांतीचा अधिपती जन्मला हे वाचून झाल्यावर दहाव्या मिनिटाला त्याच मंचावरून बंदूक द्यायची, हे मला पटत नाही आणि कुणी पटवूनही देऊ शकलेलं नाही.

आमच्या घरी या वर्षी आम्ही मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या, भेटींवरून रीत ठरवली आहे. मत्तयाने मागी किती होते ते सांगितलेलं नाही. भेटी तीन सांगितल्या आहेत: सोनं, ऊद आणि गंधरस. म्हणून प्रत्येक मुलाला तीनच गोष्टी. सोनं म्हणजे त्याला मनापासून हवी असलेली एक वस्तू, आम्हाला परवडेल अशी. ऊद म्हणजे देवाकडे नेणारं काहीतरी. मुलीला मोठ्या अक्षरांचा नवा करार, मुलाला गव्हाणीचा देखावा करायला माती आणि रंग. गंधरस अंगाला लावायचा असतो, म्हणून अंगावर घालायची वस्तू: स्वेटर, चप्पल. आणि चौथी गोष्ट त्यांनी द्यायची. गल्ल्यातल्या स्वतःच्या पैशांतून, ज्याच्याकडून काही परत मिळणार नाही अशा कुणाला तरी. माझ्या मुलाने सहा महिन्यांत त्र्याण्णव रुपये साठवले आहेत. ते कुणासाठी, ते त्याने ठरवलं आहे आणि मला सांगितलेलं नाही.

माझे वडील म्हणायचे, त्या मागी लोकांचं सोनं योसेफाला मिसरात पळून जाताना वाटखर्चाला आलं असेल. शास्त्रात तसं लिहिलेलं नाही, तो त्यांचा अंदाज होता. पण भेट कशी असावी हे मला त्यावरून कळलं: ज्याला दिली त्याच्या पुढच्या वाटेवर कामी यावी.

"मुलांचा आनंद का हिरावता?" असं मला विचारलं जातं. मी लहान असताना, नेवासा तालुक्यातल्या आमच्या मंडळीत ट्रीच्या कार्यक्रमाला प्रत्येक मुलाला कागदी पिशवी मिळायची. एक बुंदीचा लाडू, एक संत्रं, मूठभर शेंगदाणे आणि एक कार्ड. कार्डं परदेशातून आलेली, वापरलेली असायची. मागच्या बाजूला कुणाचं तरी इंग्रजी अक्षर असायचं. पिशवी सगळ्यांना सारखी. डॉक्टरांच्या मुलीला तीच, झाडूवाल्या मावशींच्या मुलाला तीच. आम्ही भिंतीला टेकून ओळीने बसायचो आणि संत्र्याच्या फोडी मोजायचो. ज्याला एक फोड जास्त निघाली त्याची चैन. मला आजही संत्रं सोललं की ती भिंत आठवते. सायकल मिळालेल्या मुलाला यातलं काही मिळालं नाही, हेही मी तुमच्या कानावर घालते. तो रात्री एकटाच पटांगणात चकरा मारत होता, कारण बाकीची मुलं त्याच्याशी बोलत नव्हती.

आणि भेट म्हणजे काय हे आपल्याला बाजारातून शिकायची गरजच नाही. दिवाळीला शेजारून फराळाचं ताट येतं. नाताळात आपल्या घरून करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचं ताट जातं, वर क्रोशाचा रुमाल. ताट रिकामं परत करत नाहीत, त्यात चिमूटभर साखर तरी येते. गोव्यात आपले लोक याच दिवसांत कोन्सुआदीची, म्हणजे नाताळच्या गोडाधोडाची, ताटं पाठवतात. ती ताटं पोरांच्या हातून पाठवा. दार वाजवायचं, "आमच्या घरचा नाताळ" म्हणायचं आणि ताट द्यायचं. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला यासारखं दुसरं काही आवडत नाही.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

मुलांच्या नावाने भेटी जमा करण्याची सूचना मागे घ्यावी. त्याऐवजी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या, चारही रविवारी दाराशी एक बंद डबा ठेवावा. ज्याला जे जमेल ते त्यात टाकेल. पाकिटावर नाव नसावं, पावती नसावी, किमान रक्कम नसावी. आपल्याकडे शब्बाथशाळेत सत्तरच्या आसपास मुलं आहेत. तीनशेच्या हिशेबाने एकवीस हजार होतात. एवढे जमले तर उत्तमच, नऊ हजार जमले तर नऊ हजारांत करू. त्यातून प्रत्येक मुलाला सारखीच भेट द्यावी, आणि त्यात एक मराठी पुस्तक असावंच.

भेटी पाळकसाहेबांनी किंवा शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी द्याव्यात, ओळीने, नावं न पुकारता. जे मूल हजर नाही त्याचीही भेट ठेवावी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांची यादी मी करून देते. त्यांतली काही मुलं आईवडिलांबरोबर फडावरच असतात. त्यांच्या भेटी ते परत येतील तेव्हा द्याव्यात, मार्च असला तरी.

सांता आवाराबाहेर, मुलांच्या खेळात, कॅरलच्या फेरीत येऊ दे. मंचावर, उपासनेला जोडून नको. "चांगल्या मुलांना भेट" हे वाक्य माइकवर म्हणू नये.

देणगीदारांचा सत्कार रद्द करावा. ज्या कुटुंबाचा व्हायचा आहे त्यांना मी ओळखते. ते साधे लोक आहेत, मला वाटतं त्यांचीही यातून सुटकाच होईल.

पुस्तकांच्या टेबलावर निम्मी जागा मराठी पुस्तकांना द्यावी. बायबल सोसायटीची मराठी पुस्तकं आणि बायबल मिळतात, मी मागवून आणायला तयार आहे, त्याचा प्रवासखर्च मला नको.

आणि मुलांना देण्याची संधी मिळावी. नाताळच्या आधीच्या शनिवारी मुलांनी स्वतःच्या हाताने फराळाच्या पुड्या बांधाव्यात आणि मंडळीच्या आसपासच्या प्रत्येक घरी नेऊन द्याव्यात, कोणत्याही धर्माचं घर असो. पत्रक नको, फोटो नको, नुसता फराळ. माझ्या गटातल्या सहा आयांनी करंज्या करून द्यायचं कबूल केलं आहे. महिला मंडळाशी मी बोलले आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. कमिटीने काहीही ठरवलं तरी या वर्षी मंचावर मोठी दिसणारी वस्तू आणू नका. तुमच्या मुलाला सायकल द्यायची असेल तर जरूर द्या, घरी द्या, २५ तारखेच्या सकाळी, दार लावून, मिठी मारून द्या. तुमच्या ऐपतीचा मला राग नाही. तो आनंद तुमच्या घराचा आहे आणि तिथे तो पुरेपूर मिळेल.

सूचना मागे घेतली नाही तर मी काय करेन, असं एका मैत्रिणीने विचारलं. मी मंडळी सोडणार नाही. वाद्यं वाजवून निषेध करणार नाही. माझ्या दोन मुलांच्या नावाने कार्यालयात भेट जमा करणार नाही, आणि नावं पुकारली जातील तेव्हा माझी मुलं त्या मुलाजवळ, पायरीशी उभी असतील. हे मी त्यांना विचारून ठरवलं आहे. मुलगी लगेच हो म्हणाली. मुलाने आधी विचारलं की चॉकलेट मिळेल का.

भेटी जमा करायची मुदत १५ डिसेंबर आहे. त्यामुळे आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये या पत्राला उत्तर द्यावं, होकार असो की नकार. ते वाचताना पंखे बंद करावेत आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचावं.

आपली,
शब्बाथशाळेची एक शिक्षिका आणि दोन मुलांची आई